मोडीत जाणारा इतिहास

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात. कल्हईवाला आता फिरकत नाही, म्हणून ती मोडीत जातात. वजनावर पैसे मिळतात, घर मोकळे होते. त्यांच्याबरोबर आणखी काय जाते, हे मला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात उमगले.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा ध्यास लागला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तूंपैकी मांडता येतात त्या अडीच हजारांच्या आसपास.

दिवे, दौती, पानाचे डबे, करंडे, अडकित्ते, वज्र्या! सुपारी कातरायला साधे पाते पुरे. पण कारागिराने अडकित्त्याला मोराचे, घोड्याचे रूप दिले. टाच घासायच्या वज्रीवरही पाखरू बसविले. बखरींत लढायांचे वर्णन येते, दफ्तरांत वसुलाचा हिशेब; चुलीपाशी राबणाऱ्या हातांची आवडनिवड मात्र या वस्तूंतच वाचावी लागते. बहुतेकींवर घडविणाऱ्याचे नाव नाही. त्यांना जपणारा 'अज्ञातवासी' असावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

शाळेची सहल तेथे नेली होती. मुलांची गर्दी मस्तानी महालापाशी. नववीतल्या एका मुलीने वज्रीकडे बोट दाखवून विचारले, "सर, हे काय?" नाव सांगितले, तर तो शब्दच तिने कधी ऐकला नव्हता. घरी परतल्यावर आजीला विचारले, तेव्हा कळले की तिच्याही घरी वज्री होती; मागेच मोडीत गेली.

सीमाभागात आपण मराठीची काळजी पाट्यांवरून आणि ठरावांतून वाहतो. ते रास्तच आहे. पण शब्द वस्तूच्या आधाराने जगतो. वस्तू घरातून गेली की शब्द जिभेवरून जातो, त्यासाठी कोणा सरकारचा हुकूम लागत नाही. खापराच्या भांड्याची तर मोडही येत नाही. फुटले की संपले.

सगळ्यांनी संग्रहालये काढावीत असे नाही. भांडे मोडीत देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना त्याचे नाव नि काम विचारून वहीत लिहून ठेवावे, एवढे तर जमेल? शाळेत आम्ही एक कपाट रिकामे केले आहे. त्यात पहिली वस्तू आली ती त्याच मुलीच्या आजीचा पितळी सोऱ्या.