मेर्सेनच्या यादींतील ६७ : लेखनप्रमाद कीं मूळ पाठ ?

एक अंक चुकला कीं शक बदलतो, हें पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस सांगावयास नको. गणिताच्या इतिहासांतील अशाच एका अंकाचा वाद आम्ही येथें विचारार्थ मांडीत आहों.

फ्रान्समधील मिनिम पंथाचे साधु मेर्सेन (१५८८–१६४८) यांनीं १६४४ त छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत एक यादी दिली. तिचा आशय असा कीं, दोहोंचा घात करून एक वजा केला असतां मूळसंख्या उरते असे २५७ पर्यंतचे घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ हे अकराच होत. घातांक स्वतः मूळ असणें अवश्य आहे. पण तेवढें पुरेसें नाहीं. ११ हा मूळ आहे, तथापि त्यापासून येणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

१७७२ त ऑयलरनें ३१ ची संख्या, म्हणजे २१४७४८३६४७, मूळ असल्याचें दाखविलें. १८७६ त ल्यूका यानें १२७ ची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ ठरविली. ६७ ची मात्र मूळ नाहीं, असें अवयव न काढतांच सिद्ध केलें. त्याच्या रीतीचें लेमरनें सुधारलेलें रूप असें : ४ पासून आरंभ करून वर्ग करावा, दोन वजा करावे, व परीक्ष्य संख्येनें भागून शेष घ्यावा, घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां हें करून शेष शून्य आला तरच संख्या मूळ. ३१ साठीं घातांक ५. शेष अनुक्रमें १४, ८, ०. ६७ च्या संख्येचे अवयव १९०३ त कोल यानें दिले : १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७.

इकडे १८८३ त पेर्वूशिन यानें ६१ ची संख्या मूळ ठरविली. तेव्हां ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असें कित्येकांनीं सुचविलें. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ छापणारा जुळारी १ चा ७ करील, हें अशक्य नव्हे.

परंतु आमच्या मतें ही दुरुस्ती ग्राह्य नाहीं. १९११ त ८९ व १९१४ त १०७ यांच्या संख्या मूळ ठरल्या. २५७ ची मूळ नाहीं, हेंहि पुढें सिद्ध झालें. म्हणजे यादींत दोष पांच. दुरुस्तीनें दोन जातात, तीन राहतात. उलट अंतःसाक्ष्य पाहावें : १९ म्हणजे १६ अधिक ३, ३१ म्हणजे ३२ उणे १, १२७ म्हणजे १२८ उणे १, २५७ म्हणजे २५६ अधिक १. ६७ म्हणजे ६४ अधिक ३, हाहि त्याच सांच्यांतला. दोहोंच्या घातांशीं असलेलें हें सान्निध्य इतर अभ्यासकांच्याहि ध्यानांत आलें आहे. तें गृहीत धरिल्यास ६७ व २५७ कां आले आणि ८९ व १०७ कां गळले, या दोहोंचा उलगडा एकाच कारणानें होतो. ६४ उणे ३ असें ६१ कां गळलें, एवढीच शंका उरते.

सबब पाठ ६७ असाच ठेवावा, व त्याची संख्या मूळ नाहीं एवढें टीपेंत नोंदवावें. ग्रंथकाराची चूक जुळाऱ्याच्या माथीं मारून ग्रंथ शुद्ध होत नाहीं. त्या ग्रंथकाराचा विचार मात्र आपण कायमचा गमावतों.