स्वाक्षरीपूर्वीची ओळख : इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी प्रमाणपत्र आणि ओळख-पडताळणीचा इतिहास

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यास ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आला. या अधिनियमाने डिजिटल स्वाक्षरीला हस्ताक्षराची प्रतिष्ठा दिली. या विषयावरील बहुतेक लेखन गणिती बाजूकडे, म्हणजे खाजगी किल्ली, सार्वजनिक किल्ली व त्यांच्या जोडीतून सिद्ध होणारी अभेद्यता यांकडे वळते. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याअगोदरच्या एका क्षणाचा आहे. प्रमाणपत्र देण्यापूर्वी अर्जदार तोच आहे हे कोणीतरी कसे ठरविते, हा तो क्षण होय. स्वाक्षरीची सारी विश्वसनीयता या क्षणावर उभी आहे, आणि भारतातील गेल्या पाव शतकाचा इतिहास पाहता व्यवस्थेचा सर्वांत दुबळा सांधाही तोच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. मराठा काळातील महजरावर पाटलाच्या नावाशेजारी नांगराची निशाणी असे. ती कोणासही काढता आली असती, परंतु महजर होतेवेळी गोत समक्ष बसलेले असे व निशाणी करणारा पाटील कोण हे गोतास ठाऊक असे. ओळख निशाणीत नव्हती, बसलेल्या माणसांत होती. परक्या राज्यकर्त्यास ही सोय नव्हती. बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे आपली सही नाकबूल करण्याची त्याची छाती होऊ नये, एवढाच हर्शेलचा हेतू होता. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीचे पुरस्कर्ते आज जिला 'नाकबुलीस प्रतिबंध' म्हणून गौरवितात, ती कल्पना येथे शाईच्या डागात दिसते. मात्र ठसा देणारा कोनाई हर्शेलच्या समोर उभा होता, हे विसरून चालणार नाही.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३४ ने हेच समक्षपण कायद्यात आणले. दस्त करून देणाऱ्याची ओळख पटल्याची खात्री नोंदणी अधिकाऱ्याने करावयाची असते. महाराष्ट्रातील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आजही पक्षकारास व्यक्तिशः ओळखणारे इसम त्याची ओळख पटवितात. हे इसम पुष्कळदा कार्यालयाच्या आवारातच उपलब्ध होतात, ही गोष्ट वाचकांस नवीन नसावी. २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२अ घालून छायाचित्र व बोटांचे ठसे आवश्यक केले गेले, ते केवळ साक्षीदारावर विसंबणे पुरेसे वाटेनासे झाले म्हणूनच.

आता संगणकाकडे वळू. डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. ही किल्ली अमक्याचीच हे कशावरून, या प्रश्नावर लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये एमआयटीतील पदवी-प्रबंधात उत्तर सुचविले : विश्वासू संस्थेने नाव व किल्ली यांची सांगड स्वतःच्या स्वाक्षरीने प्रमाणित करावी. प्रमाणपत्राचा जन्म येथे झाला. परंतु संस्थेने नावाची खात्री कशी करावी, हे गणित सांगू शकत नाही. त्याचा दाखला फार दूर नाही. जानेवारी २००१ मध्ये व्हेरिसाइन या अग्रगण्य कंपनीने मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या कोणा इसमास मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली. त्यात एकही किल्ली फोडली गेली नव्हती. ज्याची पडताळणी करावयाची, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला, इतकेच.

भारतात नियंत्रकाच्या परवान्याने प्रमाणन प्राधिकारी २००२ पासून काम करू लागले. प्रमाणपत्रांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गात नाव व ई-मेल यांपलीकडे फारसे काही तपासले जात नसे. दुसऱ्या वर्गात अर्जातील माहिती मान्यताप्राप्त नोंदींशी विसंगत नाही एवढे पाहिले जाई. तिसऱ्या वर्गात मात्र अर्जदाराने प्रत्यक्ष हजर राहणे अभिप्रेत होते. २००६ पासून कंपनी कामकाज मंत्रालयाकडील दाखले ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले, तेव्हा हजारो संचालकांना एकाच वेळी प्रमाणपत्राची गरज भासली, आणि व्यवहारात जो वर्ग सर्वाधिक रुजला तो दुसरा. राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक वा पोस्टमास्तर यांनी साक्षांकित केलेल्या छायाप्रती पुढे सरकत आणि प्रमाणपत्र हाती येई. हाती, म्हणजे बहुधा सनदी लेखापालाच्या हाती. प्रमाणपत्राचे टोकन त्याच्याच कपाटात राही आणि संकेतशब्दही त्याच्याकडेच. साक्षांकन ही ओळख नव्हे, ती कागदाची कागदाशी तुलना होय. साक्षांकन करणाऱ्याने अर्जदारास पाहिलेले असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. त्यास इतका विलंब का लागला, हा प्रशासनाच्या इतिहासकाराने हाती घ्यावा असा विषय आहे.

२००८ च्या दुरुस्तीने (अंमल २७ ऑक्टोबर २००९ पासून) 'डिजिटल स्वाक्षरी'ला 'इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी' या व्यापक संज्ञेत सामावून घेतले, आणि २०१५ च्या नियमांनी आधारच्या ई-केवायसीवर आधारलेली ई-साइन पद्धती आली. तीत किल्ली एका स्वाक्षरीपुरती निर्माण होऊन नष्ट केली जाते. कपाटातील टोकनाचा प्रश्न एका फटक्यात मिटला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एकवेळचा संकेतांक मोबाइलवर येतो, त्यामुळे ओळख म्हणजे तो मोबाइल ज्याच्या हाती आहे तो, असे समीकरण झाले. घरातील एकच मोबाइल मुलगा वापरतो व सातबारा वडिलांच्या नावे आहे, अशा कुटुंबांच्या देशात हे समीकरण निर्धास्तपणे स्वीकारता येत नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार अधिनियमाच्या कलम ५७ मधील खाजगी संस्थांना मुभा देणारा भाग रद्द ठरविला. पुढे ऑफलाइन आधार, पॅन व बँकेकडील नोंदी यांचे पर्याय पुढे आले, आणि चित्रफितीद्वारे पडताळणीस महत्त्व आले. अर्जदार कॅमेऱ्यासमोर येतो व मूळ कागदपत्रे दाखवितो. फिरून समक्षपणच, पण काचेआडून.

या साऱ्याचे गांभीर्य पुराव्याच्या कायद्यात आहे. कागदावरील सही वादग्रस्त झाल्यास ती अमक्याची आहे असे म्हणणाऱ्यावर शाबितीचा भार असतो. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीबाबत भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८५ब ने उलट गृहीतक घातले : विरुद्ध शाबीत होईपर्यंत ती प्रमाणपत्रधारकानेच सही करण्याच्या हेतूने केली, असे न्यायालयाने मानावयाचे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे आपल्या नावाने प्रमाणपत्र निघाल्याची ज्यास वार्ताही नाही, त्याने न्यायालयात उभे राहून प्रथम आपण तो प्रमाणपत्रधारक नव्हेच, हे दाखवावयाचे. पंजा आपला नव्हे असे कोनाईस म्हणावयाचे असते, तर निदान हात पुढे करून जुळवून पाहता आला असता. प्रमाणपत्राच्या बाबतीत जुळवून पाहण्याजोगे जे उरते, ते प्रमाणन प्राधिकाऱ्याच्या दप्तरातील अर्ज, छायाप्रती व चित्रफीत. पडताळणीचे हे दप्तर किती काळ जपले जाते आणि वादाच्या प्रसंगी सामान्य नागरिकास ते किती सुलभतेने मिळते, यावर त्याचा बचाव अवलंबून राहील.