दोष कोणाचा? कारणांचे वर्तुळ शिकवणाऱ्या एका खेळाचा इतिहास

१/ १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेतील केंटकी राज्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. कधी तेथे जादा पाळ्या लावूनही काम उरकत नसे, तर काही वर्षांतच निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. ‘बाजारातील तेजी-मंदी’ हे उत्तर तयार होते; पण ते व्यवस्थापकांनाही पुरते पटत नव्हते.

२/ हे कोडे जे फॉरेस्टर यांच्या कानी आले. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर मूलभूत काम केलेले हे अभियंते १९५६ मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयात रुजू झाले होते. त्यांनी बाजाराची चौकशी केली नाही. त्यांनी विचारले: माल किती साठवायचा आणि माणसे केव्हा घ्यायची, हे तुम्ही कसे ठरवता?

३/ मिळालेल्या उत्तरांवरून त्यांनी वहीच्या एका पानावर रकाने आखले: साठा, कामगार, मागण्या. मग टप्प्याटप्प्याने हिशेब मांडत गेले. बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली, तरीही कामगारांची संख्या हेलकावतच राहिली. चढउताराचे मूळ कारखान्याच्या स्वतःच्याच निर्णयपद्धतीत दडलेले होते.

४/ असे का व्हावे? निर्णय आणि परिणाम यांच्यामध्ये वेळ जातो. साठा घटला की माणसे घेतली जातात; त्यांचा माल गोदामात पोहोचण्यापूर्वीच आणखी माणसे घेतली जातात. मग साठा तुंबतो आणि कपात होते. कपातीने साठा पुन्हा घटतो. परिणामच फिरून कारण होतो.

५/ १९६१ मध्ये फॉरेस्टर यांचा ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु ही गोष्ट वाचून पटणे आणि अनुभवून पटणे यांत अंतर असते. ते मिटवण्यासाठी एमआयटीत एक पटावरचा खेळ आकाराला आला: ‘बिअर गेम’.

६/ खेळात चार दुवे असतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. आपसात बोलण्यास मनाई. प्रत्येकाने दर आठवड्याला फक्त एकच निर्णय घ्यायचा: किती पेट्या मागवायच्या? मागवलेला माल हाती येण्यास मात्र काही आठवडे लागतात.

७/ थोड्याच वेळात टंचाई होते, मागण्या फुगतात आणि पुढे गोदामे ओसंडून वाहतात. शेवटी खेळाडूंना विचारतात: ग्राहकांची मागणी कशी होती? बहुतेक जण मोठ्या लाटा काढून दाखवतात. वास्तवात ती आठवड्याला ४ पेट्यांवरून एकदाच ८ वर गेलेली असते आणि तेथेच स्थिरावलेली असते.

८/ खरा धडा यानंतर सुरू होतो. गट फळ्यावर बाण काढू लागतो. माल उशिरा येतो, म्हणून जास्त मागवला. सर्वांनीच जास्त मागवला, म्हणून आणखी उशीर झाला. बाण फिरून मूळ जागी येतो. क्षणापूर्वी एकमेकांना दोष देणाऱ्या चौघांना त्या वर्तुळात आपलाही हात दिसतो. ‘सिस्टिम्स थिंकिंग’, म्हणजे समग्र व्यवस्थेचा विचार, येथून सुरू होतो.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे मोल मोठे आहे. आपण ‘कारणे’ आणि ‘परिणाम’ अशा दोन वेगळ्या याद्या पाठ करतो. १८७५ चे दख्खनचे दंगे घ्या. अमेरिकन यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले, शेतसारा वाढवला गेला, सावकारांनी हात आखडता घेतला. परीक्षेत हे चार सुटे मुद्दे असतात.

१०/ आता तेच बाणांनी जोडून पाहा. सारा भरण्यासाठी कर्ज. कर्जासाठी जमीन गहाण. जमीन गेली की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की पुन्हा कर्ज. सावकार या वर्तुळात आहे, आणि रोख सारा ठरल्या वेळी वसूल करणारे सरकारही आहे. असा नकाशा कोणालाही दोषमुक्त करत नाही. उलट, यादीत लपलेले हातही उजेडात आणतो.

११/ सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, ते वर्तुळातील हाताशी आलेला एक दुवा तोडण्यासाठी. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना कर्जाचा मागचा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. साऱ्याचा बाण मात्र जागेवरच राहिला. पुढच्या वेळी कारणांची यादी लिहाल, तेव्हा शेवटच्या मुद्द्यापासून पहिल्याकडे एखादा बाण जातो का, हे अवश्य तपासा.