मार्शलीज नौकाबांधणी

मार्शलीज नौकाबांधणी ही मध्य प्रशांत महासागरातील मार्शल द्वीपसमूहाची पारंपरिक कला होय. २९ कंकणद्वीपे व ५ सुटी बेटे असलेल्या या देशात जमीन अत्यल्प असल्याने मासेमारी, दळणवळण व नातेसंबंध नौकेवरच अवलंबून होते. नौकेला मार्शलीज भाषेत 'वा' म्हणतात.

रचना

नौकेचा सांगाडा नीरफणसाच्या लाकडाचा असतो. फळ्या खिळ्यांऐवजी नारळाच्या काथ्याच्या दोरीने बांधतात. शीड केवड्याच्या जातीच्या पानांचे असून ते स्त्रिया विणत. एका बाजूस कोकणातील होड्यांप्रमाणे उलांडी असते, मात्र ती सदैव वाऱ्याच्या दिशेला ठेवावी लागते. त्यामुळे दिशा पालटताना नौका वळवीत नाहीत; शीडच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात आणि नाळेची वऱ्हाणी होते. उलांडीच्या ओढीने नौका भरकटू नये म्हणून सांगाड्याची वाऱ्याआडची बाजू चपटी व दुसरी फुगीर घडवतात. कोरकोर (लहान), टिपनोल (मध्यम) व वालाप (मोठी) असे तीन प्रमुख प्रकार आहेत.

समाजजीवन

मोठ्या नौकांवर 'इरोइज' म्हणजे सरदारांचा अधिकार असे. बांधणीचे व सागरी लाटा ओळखण्याचे ज्ञान घराण्यात गुप्त राखले जाई. लोककथेनुसार आईला तिच्या जड गाठोड्यासह नौकेत घेण्यास थोरल्या तुमुरने नकार दिला. धाकट्या जेब्रोने तिला घेतले. गाठोड्यात पहिले शीड होते, म्हणून तो शर्यत जिंकून सरदार झाला. जेब्रो म्हणजे कृत्तिका आणि तुमुर म्हणजे ज्येष्ठा नक्षत्रातील ठळक तारा. आपल्याकडील 'ज्येष्ठा' या नावाशी हा योगायोग लक्षणीय आहे.

ऱ्हास व पुनरुज्जीवन

जर्मन व जपानी राजवटींत दूरच्या प्रवासांवर निर्बंध आले. खरा आघात अमेरिकेच्या अणुचाचण्यांनी केला. १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी व एनेवेटाक येथे ६७ स्फोट झाले. १ मार्च १९५४ च्या 'ब्राव्हो' स्फोटाची किरणोत्सारी राख रोंगेलापवर पडली व तेथील रहिवाशांना हलवावे लागले. रोंगेलाप हे नौकानयनाच्या शिक्षणाचे केंद्र होते. तेथील परंपरेची साखळी यामुळे खंडित झाली.

१९८९ मध्ये जुन्या कारागिरांकडून नौकांच्या नोंदी घेण्याचे काम सुरू झाले. त्यातून उभी राहिलेली 'वान आएलोन इन माजेल' ही संस्था माजुरो येथे तरुणांना बांधणी व नौकानयन शिकवते. २००६ मध्ये कोरेंट जोएल यांनी क्वाजालेन ते उजाए हा प्रवास पारंपरिक पद्धतीने केला व त्यांना 'री-मेटो' (समुद्राचा जाणकार) ही पदवी मिळाली. हल्ली शिडे बहुधा कापडी असतात आणि प्लायवूडही वापरले जाते. उलांडीची मांडणी मात्र पूर्वीचीच आहे.