ओखा बंदरावरून निघालेली मोटार

हरतालिकेच्या संध्याकाळी मूर्ती घरी आणायची ती अ‍ॅम्बेसेडरमधूनच, ही आमच्या दांडिया बाजारच्या घरची रीत. १९८९ साली बाबांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली. मांडीवर पाट आणि पाटावर गणपती घेऊन बाबा मागे बसत, म्हणून गाडी काका चालवीत. पुढच्या अखंड बाकावर काकांशेजारी आई आणि आम्ही दोघे भावंडे, मागे बाबांच्या बाजूला आजी आणि आत्या. बाबा गेल्यापासून गाडी अंगणातच असते. गणपतीपुरती बाहेर निघते.

यंदा घरात नव्या गाडीची बोलणी सुरू आहेत. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. तिने एकच अट घातली: "मला वाकून शिरावं लागणार नाही आणि उतरताना कुणाचा हात धरावा लागणार नाही, अशी बघा." ही अट पुरी करणारी गाडी अंगणातच उभी आहे हे आम्हाला कळत होते. तरी ती रोजच्या वापराला का काढवत नाही, याचा विचार करताना आम्ही तिच्या इतिहासात शिरलो.

अ‍ॅम्बेसेडर म्हटले की कलकत्ता आठवते. पण तिच्या घराण्याचा पहिला मुक्काम होता ओखा बंदरावर, आणि ओखामंडळ म्हणजे आपल्या बडोदे संस्थानाचा मुलूख. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत तेथे बंदर उभे राहिले. १९४२ साली बिर्लांनी स्थापन केलेल्या हिंदुस्थान मोटर्सने आपले काम सुरू केले ते याच ओख्याला. इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून मोटार तयार करायची, तर बंदराकाठची जागा सोयीचीच. १९४८ मध्ये कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला हलला आणि १९४९ मध्ये आपले संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दोन्ही गोष्टी वर्षभराच्या अंतराने घडल्या. त्यामुळेच की काय, या मोटारीशी असलेले बडोद्याचे नाते लोकांच्या स्मरणातून गेले.

मोटार मात्र मुळात इंग्रजच. ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करून धंद्याला सुरुवात करणाऱ्या विल्यम मॉरिस यांनी १९१३ मध्ये आपली पहिली मोटार काढली आणि तिला गावाचेच नाव दिले, मॉरिस ऑक्सफर्ड. पुढे याच नावाच्या अनेक पिढ्या निघाल्या. दुसऱ्या मालिकेची गाडी आपल्याकडे लँडमास्टर झाली. १९५६ ची तिसरी मालिका १९५७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर म्हणून आली. इंग्लंडमध्ये ती मालिका १९५९ मध्ये संपली. आपल्याकडे तीच बांधणी २०१४ च्या मे महिन्यापर्यंत निघत राहिली.

एवढी वर्षे ती का टिकली? आम्ही यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेली असल्याने पहिले उत्तर तांत्रिक देतो. तिचे छत उंच, दारे रुंद आणि सीट खुर्चीच्या उंचीच्या जवळपास, त्यामुळे माणूस तिच्यात घसरत नाही, बसतो. नऊवारीतली आजी असो की धोतरातले आजोबा, कुणाला अंग चोरावे लागत नसे. पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानपाटे, त्यामुळे खड्ड्यांचा दणका पाठीपर्यंत कमी पोचे. जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्याने पुढच्या बाकावर तिसरा माणूस मावे. इंजिन साधे, तेव्हा लहान गावातला मिस्त्रीही बॉनेट उघडून दुरुस्तीला हात घाली. हा आराम खरा होता, आठवणींनी रंगवलेला नव्हता.

दुसरे उत्तर तितकेसे गोड नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर येथे नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव राहिला नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी काम आवरले. पुढची तीस वर्षे आपल्यासमोर मुख्यतः तीनच नावे होती: अ‍ॅम्बेसेडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना माल बदलण्याची घाई कोणाला असणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्ग तिकडे वळला. अ‍ॅम्बेसेडर उरली ती मुख्यतः टॅक्सीवाल्यांकडे आणि सरकारी कचेऱ्यांच्या पोर्चमध्ये. आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही साहेबांची गाडी म्हणजे पांढरी अ‍ॅम्बेसेडरच. २०१७ मध्ये तिचे नावही ८० कोटींना फ्रान्सच्या प्यूजोकडे गेले.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा आम्ही आईला घेऊन गेलो होतो. चकाकत्या इंग्रज गाड्या पाहून आम्ही हरखलो. आई म्हणाली, "सुंदर आहेत, पण यांत कुणी बसतं का?" तिचा प्रश्न मनात राहिला. मोटार आवडणे वेगळे आणि तिच्यात रोज बसणे वेगळे.

अ‍ॅम्बेसेडरवर आपली माया आहे, ती असावी. पण त्या मायेपोटी रांगेचे दिवस चांगले होते असे मुलांना सांगू नये. आपल्या आधीच्या पिढीला निवड नव्हती, आपल्याला आहे. त्या गाडीकडून शिकायचे ते एवढेच, की घरची गाडी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांनी मोजावी. सीटची जमिनीपासूनची उंची, दार किती उघडते आणि पाय आत घेताना उंबरठा किती आड येतो, या तीन गोष्टी आम्ही टेप घेऊन पाहत आहोत. नव्या गाड्यांत एअरबॅग आहेत, पॉवर स्टिअरिंग आहे. दोन गाड्यांत आई बसून आली, एकीतून आपली आपण उतरली. तीच घ्यायचे ठरते आहे.

जुनी गाडी एका हौशी गृहस्थांनी मागितली आहे. देऊ की नको, यावर घरात दोन तट पडले. शेवटी आईनेच निकाल दिला, "द्या. जपणारा माणूस आहे. पण यंदाचा गणपती तिच्यातूनच येईल."