क्यू आहे, पण यू नाही

पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द शोधायचा आहे. त्यात क्यू हवा, यू मात्र नको. क्यूच्या पाठोपाठ यू येतोच, असे शाळेत घोकलेल्याला हा प्रश्नच चुकलेला वाटेल. पण उत्तर आहे : क्यू-ए-एन-ए-टी, कनात. जमिनीखालून उताराने पाणी वाहून आणणारा बोगदा. (तंबूची कनात निराळी.) औरंगाबादची नहर-ए-अंबरी पाहिलेल्या वाचकाला या रचनेची ओळख आहे, कारण मलिक अंबरने शहराला पाणी आणले ते याच धर्तीवर. शब्द इंग्रजीत आला अरबी-फारसीकडून, आणि येताना आपले स्पेलिंग घेऊन आला. अक्षरांची अट घालून शब्द शोधू लागलो की भाषेचा प्रवास असा अवचित हाती लागतो. या क्षेत्राकडे वळण्याचे मला वाटणारे पहिले कारण हेच.

क्षेत्राची व्याख्या सोपी आहे. लांबी ठरलेली, काही अक्षरे ठरलेली, कधी त्यांच्या जागाही ठरलेल्या. या अटींत बसणारे सगळे शब्द शोधायचे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे १९१३च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेव्हापासून लाखो लोक रोज हेच करत आले आहेत. त्याला अभ्यासाची शिस्त मात्र उशिरा लागली. दिमित्री बोर्गमन यांचे ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ १९६५ साली निघाले आणि १९६८मध्ये ‘वर्ड वेज’ हे नियतकालिक सुरू झाले. एकही अक्षर दोनदा न येणारा सर्वांत लांब शब्द कोणता, असले प्रश्न तिथे गांभीर्याने चर्चिले जात. ‘अनकॉपीराइटेबल’ हा त्यांच्या लाडक्या शब्दांपैकी एक : पंधरा अक्षरे, पंधराही वेगळी. हा रिकामपणचा उद्योग आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. गणितातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी अशाच रिकामपणी सुचल्या आहेत.

अक्षरे मोजण्याची परंपरा मात्र याहून फार जुनी आणि चांगलीच कामाची. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्तलिपी फोडण्यासाठी अक्षरांची वारंवारिता मोजण्याची रीत लिहून ठेवली. मोर्सचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यात जाऊन खिळ्यांच्या खणांत कोणते अक्षर किती भरले आहे ते पाहिले. ई सर्वांत जास्त, म्हणून तारेच्या लिपीत त्याला एकच टिंब मिळाले आणि टीला एकच रेघ. एडगर अ‍ॅलन पो यांचा अंदाज मात्र चुकला. ‘द गोल्ड-बग’ या १८४३च्या कथेत त्यांच्या नायकाने दिलेल्या क्रमात टी दहावा आहे. प्रत्यक्षात छापील इंग्रजी मजकुरात तो दुसरा येतो. तरी कथेतला खजिना सापडतोच. लेखकाच्या हाती असलेला खजिना सापडायला कितीसा वेळ!

इथे नवख्या अभ्यासकाने जरा थांबावे. मजकुरात टी दुसरा येतो, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘टू’ हे शब्द ओळीओळीला येतात. कोशात मात्र ‘द’ एकदाच असतो. तिथे मोजणी केली की टी सहाव्या क्रमांकाच्या आसपास घसरतो आणि ए, आर, आय वर चढतात. म्हणजे ‘इंग्रजीत कोणते अक्षर जास्त?’ हा प्रश्न अपुराच आहे. कोणत्या यादीत, हे आधी सांगावे लागते.

माझ्या मते या क्षेत्रातला खरा प्रश्न यादीचा आहे, बाकीचे तंत्र. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी पाच अक्षरी शब्दांची एक यादी केली; तिच्यात ५,७५७ शब्द आहेत. एकच अक्षर बदलून दुसरा शब्द होत असेल तर ते दोघे शेजारी, असे नाते त्यांनी जोडले. हा खेळ मूळचा लुइस कॅरलचा, १८७९चा : ‘हेड’पासून हील, टील, टेल, टॉल अशा पायऱ्यांनी ‘टेल’, म्हणजे शेपटीपर्यंत पोचायचे. क्नूथ यांच्या यादीत ६७१ शब्दांना एकही शेजारी नाही. त्यांना त्यांनी ‘अलूफ’, म्हणजे अलिप्त म्हटले, आणि ‘अलूफ’ हा शब्दही त्या ६७१ मधलाच निघाला. यादी वाढवली, चार दुर्मीळ शब्द आत घेतले, की यातल्या काहींना शेजारी मिळतील. अलिप्तपणा शब्दाचा किती आणि यादीचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

‘वर्डल’चेही तेच. जॉश वॉर्डल यांच्यापुढे पाच अक्षरी असे सुमारे १२,००० शब्द होते. त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी ते एकेक पाहून ओळखीचे आणि अनोळखी असे निवडले. उत्तरांसाठी उरले सुमारे २,५००. जगभर लोकांनी ज्या कोड्यावर सकाळी डोके खाजवले, ते एका व्यक्तीच्या शब्दसंग्रहाच्या मापाने बेतलेले होते. मला यात उणीव दिसत नाही. चांगली यादी अशीच कुणाच्या तरी विवेकातून तयार होते.

तंत्राविषयी थोडक्यात. शब्दातली अक्षरे वर्णानुक्रमे लावा : लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स या पाचांचीही ई-आय-एल-एन-एस-टी अशी एकच खूण तयार होते. सगळा कोश एकदा असा लावून ठेवला की उलटापालटीचे शब्द आपोआप एकत्र येतात. जागेची अट असेल तर १९७३पासून युनिक्सवर असलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा पुरते. माहीत नसलेल्या अक्षरासाठी टिंब द्यायचे.

मराठी वाचकाला एक अडचण येईल. आपण कानाने मोजतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त सातवा उच्छ्वास एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो, तिथे बंधन आवाजावर आहे. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी १९३९मध्ये ‘गॅड्सबी’ ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी ई न वापरता लिहिली. तिथे बंधन लिहिलेल्या खुणेवर आहे, ती खूण मुकी असो वा बोलती. ‘स्ट्रेंग्थ्स’ उच्चारायला एका दमाचा, लिहायला नऊ अक्षरांचा, आणि स्वर त्यात एकच. ‘ऱ्हिदम’मध्ये पाचांपैकी एकही स्वराक्षर नाही. कान बंद ठेवून डोळ्यांनी मोजण्याची सवय लागायला थोडे दिवस जातात.

पुढची पाने वाचण्याआधी एवढे करा : कोणताही एक इंग्रजी कोश निवडा, त्याचे नाव आणि आवृत्तीचे साल वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि पुढची प्रत्येक मोजणी त्याच कोशावर करा.