बैलाचा खांदा : मराठवाड्यातील पशुशरीरज्ञानाचा अलिखित इतिहास

जनावरांचे पाय, स्नायू व चाल यांविषयी भारतात जे ज्ञान ग्रंथबद्ध झाले, ते प्रामुख्याने राजाच्या जनावरांचे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घोड्याच्या वल्गन, लंघन, धोरण अशा चालींचे वर्गीकरण आढळते. गाईबैलांच्या प्रकरणात मात्र भर कळपांची मोजदाद, दूधतूप आणि राखणदारांचे दंड यांवर आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा अश्ववैद्यकाची, पालकाप्याची हत्तीची. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडील कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथातही हत्तीघोड्यांनाच मानाचे स्थान आहे.

वसाहतकाळातही हा कल फारसा बदलला नाही. मुंबईस 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. परंतु मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी शिक्षणक्रमात प्रमाण मानला गेलेला सिसन यांचा शरीररचनेचा ग्रंथ प्रथम 1910 मध्ये निघाला. त्यात घोडा हा मूळ नमुना असून बैल तुलनेपुरता येतो. बैलाला केंद्रस्थानी ठेवणारा राघवन यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढला तो 1964 मध्ये. ज्या देशाची शेती बैलाच्या मानेवर उभी होती, तेथे हा विलंब बोलका आहे. मग तोवर बैलाच्या शरीराचे ज्ञान कोठे होते? प्रस्तुत लेखकाच्या मते ते बोलीत, बाजारात आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी होते.

'खांदा' हा शब्दच पाहावा. माणसाचा खांदा म्हणजे हाताचा सांधा. बैलाचा खांदा म्हणजे वशिंडाच्या पुढचा, जू टेकते तो मानेचा भाग. शरीररचनाशास्त्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रदेश आहेत. बैलाला गळ्याचे हाड नसते. त्याचे फऱ्याचे हाड धडाला कोणत्याही हाडाने जोडलेले नसते; केवळ स्नायूंनी ते धरलेले असते आणि दोन पुढच्या पायांमध्ये छाती झोळीसारखी लोंबती राहते. उभ्या बैलाचे निम्म्याहून अधिक वजन पुढचे पाय पेलतात, तर चालताना पुढे ढकलण्याचे काम मुख्यतः मागचे पाय करतात. हा रेटा कमरेतून पाठीच्या कण्यामार्गे जुवापर्यंत पोचतो. वशिंड म्हणजे निव्वळ चरबी नव्हे. फऱ्याला मानेशी व पाठीशी बांधणारा स्नायू तेथे वाढलेला असतो. त्याच्या पुढे जू ठेवल्याने फऱ्याचे हाड मोकळे हलते. ही जागा पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने ठरली आहे.

या मांडणीचा दोष असा की सगळा भार कातडीच्या अरुंद पट्ट्यावर येतो. तेथे सूज व जखम झाली की 'बैलाला खांदा आला' असे म्हणतात. श्रावण अमावास्येच्या पोळ्याआधीची खांदेमळणी या संदर्भात पाहिली पाहिजे. पेरणी व कोळपणीनंतर त्याच जागेला गरम पाण्याने शेकून हळद व लोणी किंवा तूप चोळतात. तिला केवळ लोकश्रद्धा ठरविणे मला मान्य नाही. तथापि, लोकज्ञान म्हणून सर्वच गोष्टींचा गौरव करणेही योग्य नव्हे. पाय धरला की तापल्या लोखंडाने डाग देणे हीदेखील त्याच परंपरेची देणगी आहे, आणि तिने जनावरांचे हालच केले.

रोगांची नावेही अशीच सूचक आहेत. मोठ्या स्नायूंत जंतू शिरून फरा सुजतो तो 'फऱ्या'. एक पाय उचलून लंगडतो म्हणून त्याचेच दुसरे नाव 'एकटांग्या'. सूज कोठे येते आणि चाल कशी बिघडते, हे दोन्ही नावांत नोंदले गेले आहे.

खुरांचा इतिहास रस्त्यांशी निगडित आहे. काळ्या मातीत खूर फारसा झिजत नाही, खडीच्या रस्त्यावर झिजतो. बार्शी लाईट रेल्वेचा अरुंदमापी फाटा 1911 मध्ये मुरुडवरून लातूरपर्यंत गेला. स्थानकापर्यंतचा माल मात्र बैलगाडीच ओढत होती. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक नखीला स्वतंत्र पत्री लागते. पूर्ण नालबंदीला एका बैलास आठ. नालबंद खूर तासताना कोठे थांबावे हे हाताच्या अंदाजाने ओळखतो, कारण आतील जिवंत भागास इजा झाली तर बैल लंगडा होतो.

हाळी-हंडरगुळीचा बाजार किंवा लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा येथे देवणी आणि लाल कंधारी बैलांची पारख दातांइतकीच चालीवर होते. जाणता गिऱ्हाईक जनावर चालवून पाहतो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाजवळ पडतो की नाही, हे न्याहाळतो. परभणीस 1972 मध्ये व उदगीरला 1987 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालये झाल्यापासून हेच निरीक्षण शास्त्राच्या परिभाषेत शिकविले जाते. दरम्यान ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या आणि पत्री मारणारे हात थोडे उरले. नालबंदांच्या अवजारांची नावे, खोंड पारखण्याचे निकष, शिवळ व जू घडविणाऱ्या सुतारांची मापे यांची नोंद वृद्ध माहीतगारांकडून आताच घ्यावी लागेल. इतिहास आणि पशुशरीररचना या दोन विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून करावयाचे हे काम आहे.